बैठकीला कोण आलं नाही?

(प्रभागसंघाच्या जानेवारीच्या मासिक बैठकीत एका ग्रामसंघ सचिव ताईंनी केलेले भाषण. बोलीतले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)



जानेवारीत आपण सावित्रीबाईंची आणि जिजाऊंची आठवण काढतो. आज मी आणखी एका माणसाची आठवण काढणार आहे. तो आपल्या देशाचा नाही, पण त्याचं काम आपल्या कामाच्या फार जवळचं आहे. विशेष मुलांच्या शाळेतल्या एका सिस्टरांनी मला त्यांच्याबद्दल सांगितलं. त्यांचं नाव सार्जंट श्रायव्हर. सार्जंट हे त्यांचं नावच बरं का, पोलिसातला हुद्दा नाही.

९ नोव्हेंबर १९१५ ला अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात त्यांचा जन्म झाला. घराणं कॅथलिक. दुसऱ्या महायुद्धात ते नौदलात होते, तिथे जखमीही झाले. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची बहीण युनिस ही त्यांची बायको. एवढ्या मोठ्या घरचा जावई, आरामात बसून खाल्लं असतं तरी चाललं असतं. पण हा माणूस जन्मभर सरकारी आणि लोकांच्या कामात राबला. रोज चर्चमध्ये मिस्सेला जायचं, हा त्यांचा नेम. कामासाठी परगावी गेले तरी तो मोडत नसत. आपल्या वारकऱ्याच्या गळ्यात माळ असते, तशी यांच्याजवळ जपमाळ असायची. मला भावलं ते पुढचं. सकाळी प्रार्थना केली की दिवसभर गरिबाचं काम करायचं. त्यांच्या लेखी या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्याच.

१९६१ मध्ये त्यांनी पीस कॉर्प्स नावाची संस्था उभी केली. तरुण मुलं-मुली दुसऱ्या देशात जाऊन दोन वर्षं तिथल्या लोकांसोबत राहायची आणि काम करायची. त्यासाठी ते त्याच वर्षी भारतात येऊन पंडित नेहरूंना भेटले होते. पुढे ते स्वयंसेवक आपल्या देशातही आले.

मग १९६४ मध्ये गरिबी हटवायचं काम सरकारने त्यांच्याकडे दिलं. त्यांनी आकडे मागवले तर दिसलं, गरिबांमध्ये जवळजवळ निम्मी लहान मुलंच आहेत. म्हणून १९६५ च्या उन्हाळ्यात त्यांनी ‘हेड स्टार्ट’ सुरू केलं. शाळेत जायच्या आधी गरिबाच्या लेकराला खाऊ, आरोग्य तपासणी, खेळ आणि शिकवण. पहिल्याच उन्हाळ्यात साडेपाच लाखांहून जास्त मुलं आली. आपली अंगणवाडी १९७५ मध्ये सुरू झाली, तिचं कामही याच तऱ्हेचं. त्यांच्या त्या कार्यक्रमात आयांनाही सामील करून घेतलं होतं, हे लक्षात ठेवा.

आता मुद्द्याचं सांगते. त्या कायद्यात एक अट होती. गरिबांसाठी जी योजना असेल, तिच्या कामात त्याच वस्तीतल्या लोकांचा जास्तीत जास्त सहभाग पाहिजे. म्हणजे आमच्यासाठी ठरवता, तर आम्हाला बसवून ठरवा. यावरून शहरांचे महापौर चिडले. ‘पैसा आमच्या हातून जायला पाहिजे,’ असं त्यांचं म्हणणं. दुसरीकडे १९६६ मध्ये गरिबांच्याच एका सभेत लोकांनी श्रायव्हर यांना भाषण करू दिलं नाही, एवढा आरडाओरडा केला. काम पुरेसं होत नाही, असा त्यांचा राग होता. दोन्हीकडून बोलणी खाल्ली, तरी काम सोडलं नाही.

हे ऐकलं तेव्हा मला आमच्याच गटातली गोष्ट आठवली आणि लाज वाटली. आमच्या गटात एक ताई आहे. ती सलग चार बैठकांना आली नाही. आम्ही नियमाप्रमाणे दंड लावला, वहीत लिहिला, सह्या केल्या. पुढे जोखीम प्रवणता निधी कोणाला द्यायचा याची यादी केली. त्यात तिचं नाव घेतलं नाही. ‘ती येतच नाही, तिला गरज नसेल,’ असं बोलणारी मीच होते. नंतर एकदा सहज तिच्या घरी गेले. तिचा मुलगा बारा वर्षांचा आहे, पण समज दोन-तीन वर्षांच्या लेकराएवढी. त्याला एकटं ठेवता येत नाही आणि बैठकीला आणलं तर तो ओरडतो. लोक बघतात म्हणून ती येत नव्हती. आणि आम्ही तिला दंड लावला!

युनिस यांची बहीणही अशीच होती. १९६२ मध्ये श्रायव्हर दांपत्याने आपल्या राहत्या घराच्या आवारात अशा मुलांसाठी उन्हाळी शिबिर भरवलं. लोक जी मुलं दाराआड ठेवत, ती त्यांच्या अंगणात पळाली, पोहली. त्यातूनच पुढे १९६८ मध्ये शिकागोला पहिली स्पेशल ऑलिम्पिक स्पर्धा झाली. आज भारतातली मुलंही तिच्यात खेळतात.

म्हातारपणी श्रायव्हर यांना स्मृती जाण्याचा आजार झाला. ज्याने एवढं उभं केलं, त्यालाच काही आठवेना. म्हणून वाटतं, आपणच त्यांची आठवण ठेवावी.

आम्ही त्या ताईचा दंड माफ केला. आता बैठक तिच्याच ओसरीवर होते. पहिल्या दिवशी मुलगा ओरडला, आम्ही थांबलो. चौथ्या बैठकीला तो सतरंजी अंथरायला लागला. निधीच्या पुढच्या यादीत तिचं नाव आहे, आणि ती यादी करताना ती स्वतः हजर होती.

माझी प्रभागसंघाला विनंती आहे, आजच ठराव घ्या. सलग दोन बैठकांना ताई आली नाही, तर दंड लिहिण्याआधी दोघींनी तिच्या घरी जायचं. आणि निधीची यादी करताना आधी विचारायचं, आज इथे कोण आलं नाही?