अंगाच्या हालचालीवर चालणारी पट्टी
(प्रभाग संघाच्या मासिक बैठकीत केलेले भाषण)



थंडीत पॉलिस्टरची साडी सोडताना चटचट आवाज येतो ना? दोन वेगळ्या वस्तू घासल्या की वीज तयार होते, तीच ही. आणि खटका दाबायचा गॅस लायटर? त्याला सेल लागत नाही. आतल्या खड्यावर दाब बसला की ठिणगी पडते. दाबातून वीज तयार होते हे फ्रान्सच्या क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवलं.

याच दोन गोष्टींवर शास्त्रज्ञ आता अंगाला चिकटणारी, रबरासारखी वाकणारी पट्टी बनवत आहेत. २०१२ मध्ये अमेरिकेत झोंग लिन वांग यांच्या गटाने घासण्यातून वीज करणारा पातळ पापुद्रा तयार केला. अशी पट्टी मनगटावर लावली की नाडीच्या प्रत्येक ठोक्याला ती किंचित दबते आणि विजेची खूण उमटते. त्यावरून ठोके मोजता येतात.

पण ताईंनो, ही वीज अगदी थोडी. तिच्यावर मोबाईल चार्ज होईल, अशी आशा धरू नका. हे काम अजून बरंचसं प्रयोगशाळेतच आहे. म्हणून "अंगाच्या करंटवर चालणारा पट्टा घ्या, बीपी-शुगर बरी होईल" असं म्हणत कुणी दारात आलं, तर गटातून कर्ज काढून घेऊ नका. मोजणं वेगळं, बरं करणं वेगळं.

बीपी उपकेंद्रात मोफत तपासतात. तिशीपुढच्या प्रत्येकीने आशाताईंना विचारून पुढच्या बैठकीआधी तपासून यायचं. येताना आकडा लिहून आणा.