एकच दिले, दोन कसे झाले?

पायथन ही संगणकाची भाषा शिकणारा विद्यार्थी ऑब्जेक्टच्या धड्यावर आला, की संगणक त्याला बहुधा एक वाक्य ऐकवतो : 'ही मेथड एक आर्ग्युमेंट घेते, तुम्ही दोन दिलीत.' विद्यार्थी पुन्हा पुन्हा पाहतो. कंसात तर एकच आकडा आहे! मग दुसरे आले कुठून?

आर्ग्युमेंट म्हणजे काम सांगताना सोबत दिलेली माहिती. बँकेचे उदाहरण घेऊ. 'खाते' हा क्लास म्हणजे छापील कोरा नमुना. त्यावरून उघडलेले आजीचे खाते हे ऑब्जेक्ट आणि 'जमा कर' ही त्याची मेथड. खाते उघडताना नाव आणि पहिली रक्कम एकदाच द्यायची, खाते ती जपून ठेवते. नंतर जमा करायचे ५०० रुपये मात्र त्या खेपेपुरते. नवशिके इथेच अडखळतात, दर जमेला खातेदाराचे नाव पुन्हा देत बसतात. ऑब्जेक्टजवळ काय राहणार आणि दर खेपेला काय बदलणार, ही वाटणी आधी कागदावर करून घ्यावी.

आता ते दुसरे आर्ग्युमेंट. '५०० जमा कर' म्हटले, पण कोणाच्या खात्यात? तेही मेथडला कळायला हवे. म्हणून पायथन आजीचे खाते आपणहून पहिल्या जागेवर पाठवते. ते स्वीकारायला मेथड लिहिताना पहिले नाव 'सेल्फ' ठेवायचा प्रघात आहे. ते लिहायचे राहिले, की एकाचे दोन होतात. जावा भाषेत हीच गोष्ट 'धिस' या नावाने पडद्याआड चालते. मला विचाराल तर शिकणाऱ्याला पायथनचा उघडा कारभार बरा.

पण संगणक जी चूक ओरडून सांगतो, तिची भीती नाही. भीती गप्प चुकीची. आर्ग्युमेंट नुसती ओळीने दिली, तर मेथड जागा पाहते, अर्थ पाहत नाही. 'पैसे पाठव' या मेथडला आधी देणाऱ्याचा खातेक्रमांक हवा, मग घेणाऱ्याचा, मग रक्कम. पहिले दोन उलटसुलट झाले तरी दोन्ही खातेक्रमांकच! प्रोग्रॅम बिनतक्रार चालतो आणि पैसे उलट्या दिशेने जातात.

नासाचे 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ हरवले, ते अशाच गप्प चुकीने. जमिनीवरचा एक प्रोग्रॅम यानाच्या छोट्या इंजिनांच्या धक्क्याचे आकडे पौंडाच्या मापात देत होता. दुसऱ्याने ते न्यूटनच्या मापातले समजून घेतले. फरक जवळजवळ साडेचार पटींचा. तिथे मेथडचे आर्ग्युमेंट नव्हे, आकड्यांची फाइल इकडून तिकडे जात होती. जातकुळी मात्र तीच : आकडा पोचला, त्याचा अर्थ मागे राहिला.

यावर पायथनमध्ये सोपी सोय आहे. आर्ग्युमेंट नाव घालून देता येते : 'देणारा' अमुक, 'घेणारा' तमुक, 'रक्कम' इतकी. मग क्रम कसाही असो. मेथड लिहितानाच 'सेल्फ'नंतर एक तारांकन टाकले, तर पुढची सगळी नावानेच द्यावी लागतात. ही सक्ती २००८ साली पायथन ३ बरोबर आली. कोणी घाईत नुसते आकडे टाकलेच, तर प्रोग्रॅम तिथल्या तिथे थांबतो, एक रुपयाही हलण्याआधी.