भूगोलाने काय ठरवलं आणि काय नाही

(पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या अभ्यासवर्गात दिलेलं व्याख्यान)



आजचा विषय तुमच्यापैकी अनेकांनी परीक्षेसाठी पाठ केलेला असेल. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर इंग्रजांनी वसाहती केल्या. उत्तरेत जमीन खडकाळ, म्हणून मासेमारी, जहाजबांधणी आणि व्यापार. मधल्या पट्ट्यात जमीन सुपीक, म्हणून गहू. दक्षिणेत उन्हाळा लांब, म्हणून तंबाखू, भात आणि नीळ, आणि म्हणून गुलामगिरी. पाच गुणांचं उत्तर झालं. मीही कधीकाळी असंच लिहिलं आहे आणि गुणही मिळवले आहेत.

या उत्तरातला शेवटचा 'म्हणून' मला आज तुमच्यासमोर उलगडून बघायचा आहे. आधीचे 'म्हणून' बरेचसे खरे आहेत. शेवटच्यात गडबड आहे, आणि ती गडबड आपल्या ओळखीची आहे. 'महारवाडा गावाबाहेर होता' असं पुस्तकात वाचतो ना आपण? तो तिथे कोणी ठेवला, हे त्या वाक्यात नसतं. वाक्यातून कर्ता काढून टाकला की अन्याय हवामानासारखा वाटायला लागतो.

हा इतिहास आपल्याला परका नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. बाबासाहेब १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले, ते गुलामी कायद्याने संपून जेमतेम अर्धशतक झालेल्या देशात. जात आणि गुलामगिरी एकच आहेत असं मी म्हणत नाही. बाबासाहेबांनी स्वतः त्या दोहोंतला फरक तपशिलात मांडला आहे. पण एक बाजू बघितली की दुसरी बघायला नजर तयार होते, एवढं नक्की.

सुरुवात व्हर्जिनियापासून करू. १६०७ मध्ये जेम्सटाऊन वसलं, चेसापीक उपसागराला मिळणाऱ्या जेम्स नदीच्या काठी. स्पॅनिश जहाजांपासून बचावाला जागा बरी वाटली, पण भोवती दलदल आणि प्यायचं पाणी मचूळ. १६०९-१० च्या हिवाळ्यात उपासमारीने आणि रोगांनी शेकडो माणसं मेली, साठच्या आसपास उरली. आणि जमीन काही मोकळी पडलेली नव्हती. पाउहाटन लोकांची गावं, मक्याची शेतं तिथे होतीच. इंग्रज सुरुवातीला जगले तेच मुळी त्यांच्या मक्यावर.

१६१२ च्या सुमाराला जॉन रॉल्फ नावाच्या माणसाने वेस्ट इंडीजकडचा तंबाखू लावून बघितला आणि वसाहतीला पैशाचं पीक सापडलं. तंबाखूला लांब, दमट उन्हाळा लागतो. तो तिथे होता. तो तीन-चार वर्षांत जमिनीचा कस काढून घेतो, म्हणजे सतत नवी जमीन हवी. ती पाउहाटनांकडून हिसकावली गेली. आणि रोपं लावणं, खुडणं, पानं वाळवणं यासाठी माणसं हवीत, भरपूर.

इथे नद्यांचं काम बघा. जेम्स, यॉर्क, रॅपाहॅनॉक, पोटोमॅक या नद्या मुखाजवळ इतक्या रुंद आणि खोल आहेत की समुद्रावरची जहाजं थेट आत मळ्याच्या धक्क्याला लागायची. तंबाखूची पिंपं तिथेच चढायची, इंग्लंडचा माल तिथेच उतरायचा. मग बंदराचं शहर कशाला हवं? शहर नाही म्हणजे पेठ नाही, कारागिरांची वस्ती नाही. नदीकाठी ज्याची जमीन तोच व्यापारी, तोच सावकार. आतल्या बाजूचा छोटा शेतकरी आपला तंबाखू त्याच्याच धक्क्यावरून पाठवणार आणि त्याच्याच उधारीत राहणार. इथवर भूगोल खरंच बोलतो.

शाळांचं काय? घरं लांब लांब, म्हणून शाळा अवघड, हे मान्य. पण विल्यम बर्कली या गव्हर्नराने १६७१ मध्ये लंडनला काय कळवलं होतं? इथे मोफत शाळा आणि छापखाने नाहीत याबद्दल तो देवाचे आभार मानतो, असं. शिकलं की माणसं सरकारविरुद्ध जातात, हे त्याचं कारण. नदीने त्याला हे लिहायला लावलं नव्हतं.

आता मजुरांचा प्रश्न. १६१८ मध्ये नियम झाला की जो दुसऱ्याच्या प्रवासाचा खर्च करून त्याला वसाहतीत आणेल, त्याला डोईमागे ५० एकर मिळतील. म्हणजे राबायला माणूस आणायचा आणि जमीनही आपल्याच नावावर. आलेले बहुतेक जण गरीब इंग्रज होते, चार ते सात वर्षांच्या करारावर. आपल्याकडे 'गिरमिट' म्हणतात तसलाच प्रकार. १६१९ मध्ये पॉइंट कम्फर्टला वीसेक आफ्रिकी माणसं उतरवली गेली. पण पुढची काही दशकं सगळं पक्कं झालेलं नव्हतं, हे लक्षात घ्या. अँटनी जॉन्सन नावाचा आफ्रिकी माणूस १६२१ मध्ये आला, राबला, सुटला आणि १६५१ मध्ये त्याच्या नावावर २५० एकर जमीन होती. तोही दुसऱ्या काळ्या माणसाला आयुष्यभरासाठी बांधून ठेवण्यासाठी कोर्टात गेला होता; म्हणजे त्याला संत करायचं कारण नाही. पण तेच ऊन, तीच माती, तोच तंबाखू असताना काळा माणूस जमीनमालक होऊ शकत होता.

मग दार बंद कसं झालं? एकेक खिळा ठोकून. १६४० मध्ये तीन नोकर मिळून पळाले आणि पकडले गेले. दोघे युरोपीय, तिसरा जॉन पंच, आफ्रिकी. गुन्हा एकच. दोघांची नोकरी चार वर्षांनी वाढवली. जॉन पंचला जन्मभर राबण्याची शिक्षा.

आणि एलिझाबेथ की. हे नाव वहीत लिहून घ्या. आई आफ्रिकी गुलाम, बाप इंग्रज. तिने कोर्टात दावा लावला की माझा बाप मुक्त इंग्रज होता, इंग्लंडच्या रिवाजाने मूल बापाच्या दर्जावर जातं. शिवाय माझा बाप्तिस्मा झाला आहे, मी ख्रिस्ती आहे. १६५६ मध्ये ती जिंकली. मालकवर्ग यातून काय शिकला? १६६२ मध्ये व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने कायदा केला की मूल मुक्त की गुलाम हे आईवरून ठरेल. १६६७ मध्ये दुसरा कायदा: बाप्तिस्म्याने गुलामाचा दर्जा बदलणार नाही. एका बाईने शोधलेल्या दोन्ही वाटा अकरा वर्षांत बुजवल्या. १६६२ च्या कायद्याचा अर्थ नीट समजून घ्या. मालकाने गुलाम बाईवर जबरदस्ती केली, तर होणारं मूल त्याची जबाबदारी नाही, त्याची मालमत्ता. दर्जा गर्भात ठरला. जन्मावरून दर्जा म्हणजे काय, हे या खोलीत कोणाला समजावून सांगायची गरज नाही.

१६७६ मध्ये नॅथॅनियल बेकनचं बंड झालं. त्याची सुरुवात मूळनिवासींवर चढाई करून जमीन घ्यायच्या मागणीतून झाली, त्यामुळे त्याचं कौतुक नको. पण त्यात गोरे करारी मजूर आणि काळे गुलाम एकत्र आले, जेम्सटाऊन जाळलं गेलं. एडमंड मॉर्गन या इतिहासकाराच्या मते या भीतीने मालकांना गोऱ्या गरिबाला काळ्या गरिबापासून तोडायला शिकवलं. काहीजण आर्थिक कारणांवर जास्त भर देतात: इंग्लंडहून येणारे मजूर कमी झाले, गुलामांचा व्यापार वाढला. दोन्ही खरं असू शकतं. पण १७०५ चा कायदा वाचा. करार संपलेल्या गोऱ्या मजुराला मका, पैसे आणि एक बंदूक द्यायची. काळ्याने गोऱ्या ख्रिस्ती माणसावर हात उगारला तर तीस फटके. गरीब गोऱ्याला जमीन फारशी मिळाली नाही, पण पायाखाली कोणीतरी मिळालं.

उत्तरेत, न्यू इंग्लंडमध्ये हिमनद्यांनी सोडलेली दगडगोट्यांची जमीन, छोटा हंगाम. १६३० च्या दशकात तिथे आलेली माणसं बहुतेक कुटुंबासह आली, गावं करून राहिली. १६४७ च्या मॅसॅच्युसेट्सच्या कायद्याने पन्नास घरांच्या गावाला शिक्षक ठेवणं बंधनकारक केलं. उद्देश बायबल वाचता यावं हा होता, पण शाळा आली. म्हणून पुस्तकात उत्तर 'स्वतंत्र शेतकऱ्यांचा समाज' ठरतो. पण १६३७ च्या युद्धात पकडलेल्या पेक्वॉट मूळनिवासींना विकून 'डिझायर' नावाच्या जहाजाने १६३८ मध्ये बोस्टनला आफ्रिकी गुलाम आणले. १६४१ च्या मॅसॅच्युसेट्सच्या कायदेसंहितेत गुलाम ठेवायला वाट करून दिलेली आहे. आणि तो प्रसिद्ध कॉड मासा? चांगला माल युरोपला जायचा. खालच्या प्रतीचा, मोडका खारवलेला मासा वेस्ट इंडीजला जायचा, उसाच्या मळ्यांतल्या गुलामांच्या पोटात. परतीला काकवी यायची, तिची रम व्हायची. उत्तरेच्या खडकांवर ऊस उगवत नव्हता, पण उसाचा पैसा तिथेही पोचत होता.

मधल्या वसाहतींवर मी वेळ घालवत नाही. एवढंच सांगते की पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाऊनमध्ये १६८८ मध्येच चार जणांनी गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध नोंदवला. 'त्या काळी कोणालाच चूक वाटत नव्हतं' असं कोणी म्हणालं तर हे साल सांगा.

आता साऊथ कॅरोलायना. १६७० मध्ये चार्ल्सटाऊन वसवणाऱ्यांत बार्बाडोस बेटावरचे मळेवाले होते. गुलामीचं गणित ते घरूनच घेऊन आले होते. किनाऱ्याला दलदल, खाड्या, भरती-ओहोटी. तिथे भात पिकू लागला. इंग्लंडच्या माणसाला भाताचं काय कळणार? पश्चिम आफ्रिकेच्या खाड्यांत लोक पिढ्यान् पिढ्या भात लावत होते. अठराव्या शतकात तिथे बांध घालून, झडपांनी भरतीचं गोडं पाणी आत घ्यायचं आणि ओहोटीला सोडायचं, अशी शेती उभी राहिली. गोव्याच्या खाजणात 'मानस' ज्या कामाला असते, साधारण त्याच कामाची झडप. त्या ज्ञानात आफ्रिकी वाटा किती, यावर अभ्यासकांत वाद आहे, पण चिखलात कोण उभं होतं यावर नाही. मलेरियाच्या भीतीने मालक उन्हाळ्यात शहरात जायचे. १७०८ पर्यंत त्या वसाहतीत काळी माणसं गोऱ्यांपेक्षा जास्त झाली होती.

१७३९ मध्ये स्टोनो नदीजवळ गुलामांनी उठाव केला. तो चिरडून १७४० मध्ये जो कायदा केला, त्यात एक कलम आहे: गुलामाला लिहायला शिकवणाऱ्याला शंभर पौंड दंड. आपण घरातले पहिले पदवीधर आहोत. हे कलम आपण कोरड्या डोळ्यांनी वाचू शकत नाही.

आता माझा शेवटचा पुरावा. सव्हाना नावाची नदी आहे. तिच्या उत्तरेला साऊथ कॅरोलायना, दक्षिणेला जॉर्जिया. तीच दलदल, तेच डास, तेच ऊन. जॉर्जिया १७३३ मध्ये वसली आणि १७३५ मध्ये तिथे गुलामगिरीला बंदी घातली गेली. विश्वस्तांना फार कळवळा होता असं नाही. फ्लोरिडात स्पॅनिश लोक होते, सरहद्दीवर बंदूक धरणारे छोटे गोरे शेतकरी हवे होते. म्हणून माणशी जमिनीवरही ५०० एकरांची मर्यादा. पंधरा वर्षं नदीच्या एका काठावर गुलाम होते, दुसऱ्या काठावर कायद्याने नव्हते.

सव्हानाच्या काही वसाहतवाल्यांनी १७३८ मध्ये अर्ज केला: या हवेत गोरा माणूस राबू शकत नाही, गुलाम द्या. लगेच १७३९ मध्ये डेरियनच्या स्कॉटिश लोकांनी उलटा अर्ज केला: नको, आम्ही राबतो. एबेनेझरचे जर्मन भाषक शेतकरीही गुलामीच्या विरोधात होते, आणि त्याच हवेत स्वतः शेती करत होते. जिंकले पहिले अर्जदार. १७५१ च्या सुरुवातीपासून बंदी उठली. तेव्हा जॉर्जियात पाचशेहून कमी गुलाम होते. १७७५ पर्यंत सुमारे १८,००० झाले. मधल्या काळात, १७५५ मध्ये, जॉर्जियाने गुलामांसाठी स्वतःचा कायदा केला. नमुना समोर होताच: नदीपलीकडचा, १७४० चा.

मी इथे थांबते. आता तुमचे प्रश्न घेऊ. जय भीम, जय जोती, जय सावित्री.