मराठींतील ‘येईल’ आणि इंग्रजींतील ‘वुड’



चेंबूर हें मुंबईचें उपनगर भाषांच्या दृष्टीनें एक लहानसा भारतच आहे. तेथें मराठी कुटुंबांच्या शेजारीं तमिळ कुटुंबें राहतात, आणि १९४७ च्या फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची वसाहतही तेथेंच वसली. अशा ठिकाणीं एका इमारतींतील रहिवाशांस कांहीं लेखी कळवावयाचें झालें, म्हणजे पुष्कळदां इंग्रजीचा आश्रय घ्यावा लागतो. त्या इंग्रजींत एक चूक वारंवार आढळते, आणि तिचें मूळ आळसांत नसून मराठीच्या स्वभावांत आहे.

समजा, इमारतीच्या चिटणिसांनीं लिहिलें, ‘द कमिटी थॉट द रिपेअर्स विल बी ओव्हर बिफोर द मॉन्सून.’ मराठींत हें वाक्य निर्दोष आहे: ‘पावसाळ्यापूर्वीं दुरुस्ती पुरी होईल, असें समितीला वाटलें.’ मराठी भाषा मनांतला विचार जसाच्या तसा उचलून आणते. विचार करतांना मनांत ‘होईल’ होतें, म्हणून वाक्यांतही ‘होईल’च, ‘असें’ हा शब्द तेथें अवतरणचिन्हाचें काम करतो.

इंग्रजीची रीत निराळी. ती आजच्या जागेवर उभी राहून मागें पाहते. ‘थॉट’, ‘फेल्ट’, ‘होप्ड’, ‘फिअर्ड’ असें भूतकालीन क्रियापद आलें, कीं त्याच्या पोटांतील सहायक क्रियापदही मागें सरकतें. ‘विल’चें ‘वुड’, ‘कॅन’चें ‘कुड’, ‘मे’चें ‘माइट’ होतें. ‘मस्ट’ला मात्र वेगळें भूतरूप नसल्यामुळें तें तसेंच राहतें. चिटणिसांनीं ‘विल’ ठेवलें, तर वाचणारास पावसाळा अजून यावयाचा आहे असें वाटेल. आणि ती सूचना श्रावणांत फळ्यावर लागली, तर घोटाळा ठरलेलाच!

याहून गंभीर घोटाळा वाचतांना होतो. परदेशीं असलेल्या आजारी मुलीविषयीं तिच्या यजमानांचें पत्र येतें: ‘द डॉक्टर थॉट शी वुड रिकव्हर.’ ‘वुड’ म्हणजे ‘असता, असती’ एवढेंच ज्याच्या ध्यानांत राहिलेलें असतें, तो अर्थ लावतो, ‘ती बरी झाली असती, असें डॉक्टरांना वाटलें.’ घरांत रडारड सुरू होते. वस्तुतः पत्रांत एवढेंच आहे कीं, ‘ती बरी होईल, असें डॉक्टरांना वाटलें.’ पुढें ती बरी झाली कीं नाहीं, हें ‘वुड’ सांगत नाहीं. तें पुढच्या वाक्यांत शोधावयाचें असतें. ‘माइट’चेंही तसेंच. भूतकालीन क्रियापदामागून आलेल्या ‘माइट’वरून शक्यता कमी झाली, असें समजण्याचें कारण नाहीं.

जुन्या इंग्रजी पुस्तकांत आणखी एक खांचखळगा आहे. प्रथम पुरुषीं ‘शॅल’चें ‘शुड’ होतें. ‘आय थॉट आय शुड मिस द ट्रेन’ याचा अर्थ ‘गाडी चुकली पाहिजे’ असा नव्हे, तर ‘गाडी चुकेल असें वाटलें’ असा आहे. गाडी चुकावी अशी इच्छा कोण धरील?

द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांच्या ‘भाषांतर पाठमाले’वर महाराष्ट्राच्या अनेक पिढ्या इंग्रजी शिकल्या. भाषांतराच्या या वाटेनें जाणारानें शब्दास शब्द न जोडतां दोन प्रश्न विचारावे. विचार मनांत आला त्या क्षणीं तो कोणत्या शब्दांत होता? आणि आज तो कोण, कोठून सांगत आहे? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरानें मराठी वाक्य होतें. दुसऱ्याच्या उत्तरानें इंग्रजी.

मराठीलाही मागें पाहतां येत नाहीं असें नाहीं. ‘तो येईल असें वाटलें’ आणि ‘तो येईल असें वाटलें होतें’ हीं दोन वाक्यें म्हणून पाहावीं. दुसऱ्या वाक्यांत बहुधा तो आलेला नसतो. पण निराशेची ही छटा मराठी ‘होतें’ या शब्दांत ठेवते. ‘येईल’ला ती हात लावीत नाहीं. माणसानें धरलेली आशा मराठींत आशेच्याच रूपानें शिल्लक राहते. इंग्रजी लिहितांना ती ‘वुड’च्या स्वाधीन करावी लागते, एवढें ध्यानांत ठेवलें, म्हणजे सूचनाही नीट लिहिली जाईल आणि पत्रही नीट वाचलें जाईल.