बंदर विकले, धोरणही गहाण पडले

अथेन्सजवळचे पिरेयस हे भूमध्य समुद्रातील मोक्याचे बंदर. सुएझ कालवा ओलांडून युरोपकडे येणाऱ्या जहाजांना ते वाटेवरच लागते. या बंदराची कहाणी समाजवादी कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावी अशी आहे.

2008 मध्ये ग्रीसच्या सरकारने कोस्को या चीनच्या सरकारी जहाजकंपनीशी तेथील कंटेनर धक्क्यांबाबत 35 वर्षांचा करार केला. गोदी कामगारांनी संप केले. करार टळला नाही. 2010 पासून ग्रीस कर्जसंकटात सापडला आणि युरोपीय धनको व आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांच्या मदतीबरोबर सार्वजनिक मालमत्ता विकण्याच्या अटी आल्या. जानेवारी 2015 मध्ये सत्तेवर आलेल्या सिरिझा या डाव्या पक्षाने बंदराची विक्री थांबवण्याची घोषणा केली. जुलैत जनतेने सार्वमताने धनकोंच्या अटी धुडकावल्या. तरीही 2016 मध्ये त्याच पक्षाच्या राजवटीत बंदर प्राधिकरणाचे 51 टक्के भाग 28 कोटी 5 लाख युरोंना कोस्कोच्या हाती गेले. 2021 मध्ये हा वाटा 67 टक्क्यांवर पोहोचला.

बंदराची भरभराट झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. 2019 मध्ये तेथे वीस फुटी मापाच्या 56 लाखांहून अधिक कंटेनरांची हाताळणी झाली. परंतु जून 2017 मध्ये चीनमधील मानवी हक्कांच्या स्थितीवर टीका करणारे युरोपीय संघाचे निवेदन ग्रीसनेच राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क परिषदेत अडवले. ऑक्टोबर 2021 मध्ये एका कामगाराच्या अपघाती मृत्यूनंतर गोदी कामगारांना सुरक्षिततेसाठी संप करावा लागला. भरभराटीच्या हिशेबात या दोन्ही गोष्टी धरावयाच्या की नाहीत?

आज चीनच्या वाढत्या प्रभावाने युरोपातील राजधान्या अस्वस्थ आहेत. पण ग्रीसला बाजारात उभे कोणी केले? ऋणकोच्या घरातील वस्तू विकावयास लावावयाची आणि गिऱ्हाईक कोण आले म्हणून मागाहून तक्रार करावयाची, हा न्याय सावकारीचा आहे.

जानेवारी 2023 मध्ये इस्रायलचे हैफा बंदर अदानी समूहाच्या भागीदारीकडे गेले. त्याचा अभिमान बाळगणाऱ्यांनीही हाच निकष लावून पाहावा. भांडवलाचा झेंडा बदलला म्हणून धक्क्यावरील कामगाराचे जिणे आपोआप बदलत नाही. परकी गुंतवणूक मुळीच नको, असा हट्ट कोणी धरू नये. मात्र बंदराच्या कारभारावर लोकप्रतिनिधींचा अंकुश आणि कामगारांचा आवाज राहणार नसेल, तर विकले जाते ते केवळ बंदर नव्हे. देशाचा स्वतंत्र निर्णयही त्याबरोबर विकला जातो.