रानाची मोजदाद



शिरड शहापूरच्या शिवारात हळद कोणाला ओळखून दाखवावी लागत नाही. औंढा नागनाथ तालुका आणि शेजारचे वसमत, हा सारा मुलूखच हळदीचा. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पण हळदीची एक गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही. तिला सहसा रुजणारे बी धरत नाही. शेतकरी दर वर्षी बेणे राखतो, लावतो, म्हणूनच ती टिकली आहे. तिला धनी आहे.

आता बांध ओलांडून माळावर, टेकडीवर या. तिथे पळस आहे, धावडा आहे, बेल आहे. कडेला मुरुडशेंग, झाडावर चढलेली गुळवेल, पावसाळ्यात वर येणारी पांढरी मुसळी. यांना धनी कोण? ज्याला गरज पडली त्याने उपटावे, आणि किती उरले हे कोणी मोजू नये, अशी आपली रीत. ज्याची मोजदाद नाही, ते कधी संपले हेही कळत नाही. म्हणून आज रानाच्या मोजदादीविषयी चार गोष्टी सांगणार आहे.

आधी दोन शब्द नीट समजून घेऊ. दुर्मिळ म्हणजे जी संख्येने थोडी उरली ती. प्रदेशनिष्ठ म्हणजे जी एका ठराविक मुलखाबाहेर जगात कुठेच नैसर्गिकरीत्या उगवत नाही ती. शिंदळ माकुडी नावाची मांसल खोडाची एक वनस्पती फक्त आपल्या महाराष्ट्राच्या डोंगरकड्यांवर सापडते. ती इथून गेली, तर रानातून ती कायमचीच गेली.

तुम्ही म्हणाल, ही कामे मोठ्या शास्त्रज्ञांची. थोडा इतिहास पाहा. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ सिद्ध केला. पण आपला मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात. प्राध्यापक नाईक यांचा मराठवाड्याच्या वनस्पतींचा द्विखंडी ग्रंथ निघाला तो १९९८ साली. आणि पांढऱ्या मुसळीचेच घ्या. आज औषधासाठी जिला एवढी मागणी आहे, त्या जातीला शास्त्रीय नाव मिळाले १९५५ साली. फादर सांतापाव आणि फर्नांडिस यांनी ते मुंबईजवळच्या बोरिवलीवरून दिले. शास्त्राच्या वहीत तिची नोंद होण्याआधी कितीतरी पिढ्या रानातली माणसे तिला ओळखत होती. तेव्हा ओळख आपल्याकडे आहे; नोंद तेवढी नाही.

आता पाहणी कशी करावी ते सांगतो. गुरुजनांनो, हे तुमच्या शाळेला सहज जमेल. एक दोरी आणि चार खुंट्या घ्या. मोठ्या झाडांसाठी दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद चौक आखा. त्यातच झुडपांसाठी पाच मीटरचा, आणि गवत-रोपट्यांसाठी एक मीटरचा. प्रत्येक चौकात कोणती वनस्पती किती, हे लिहा. असे दहा चौक वेगवेगळ्या जागी झाले आणि मुसळी त्यांतल्या तीनच चौकांत दिसली, तर तिची वारंवारता शेकडा तीस. पुढच्या वर्षी त्याच जागी ती एकाच चौकात दिसली, तर कोणी सांगायला नको, धोका कळतोच.

वर्षातून निदान तीनदा जा. माझीच एक फजिती सांगतो. चैत्रात एका माळावर हिंडून मी वहीत लिहिले, ‘विशेष काही नाही.’ भाद्रपदात पुन्हा गेलो, तर एका मेंढपाळाने त्याच माळावर चार कंदवर्गीय वनस्पती दाखवल्या. उन्हाळ्यात त्या जमिनीखाली झोपलेल्या होत्या. म्हणून आषाढात एक फेरी, भाद्रपदात दुसरी, आणि पळस फुलतो तेव्हा फाल्गुनात तिसरी.

नमुना घ्यायचा तर फुलासकट छोटी फांदी घ्या. जुन्या वर्तमानपत्रात पसरून ठेवा, वर फळी आणि दगड. पहिले काही दिवस कागद रोज बदला, नाहीतर बुरशी येते. सोबत चिठ्ठी हवी: गाव, तारीख, जागा कशी होती, फुलाचा रंग, आणि गावातले नाव. चिठ्ठीवाचून नमुना म्हणजे नुसता पाचोळा. आणि वनस्पती मोजकीच असेल तर मुळीच तोडू नका. चित्र काढा, छायाचित्र घ्या. तिची नेमकी जागाही चव्हाट्यावर सांगू नका. कंद खणणारे तिथे आधी पोचतील.

नेमकी ओळख का हवी, तेही सांगतो. कळलावीचे फूल तुम्ही पाहिले असेल, लाल-पिवळ्या ज्वाळेसारखे. पानाचे टोक वळून तणावा होते आणि त्याच्या आधाराने ती वेल चढते. तिच्या कंदात कोल्चिसीन नावाचे द्रव्य असते. ते शुद्ध करून, मोजून दिले तर गाऊट या सांधेदुखीवर औषध. पण कंद तसाच पोटात गेला तर माणूस दगावू शकतो. कळा लागाव्यात म्हणून बाळंतिणीला देत, त्यावरून तिचे नाव पडले म्हणतात. कोणी असा प्रयोग करू नका. ऐकीव माहितीवर कोणताही कंद, कोणतीही मुळी कोणाला देऊ नका. नाव विचारा, नोंदवा, उपचार जाणत्याकडून.

आणि ही नावे सांगणारी माणसे आता थकली आहेत. मेंढपाळ, सुईणी, गावचे वैदू यांच्या तोंडची कितीतरी नावे ग्रंथांत नाहीत. त्यांच्याकडे मुलांना पाठवा. त्यांची परवानगी घेऊन लिहा, आणि ज्याने सांगितले त्याचे नाव त्याच्या संमतीने वहीत ठेवा. त्याचा मान त्याला मिळाला पाहिजे.

२००२ सालच्या जैवविविधता कायद्याने गावोगाव समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही यांची तरतूद केली आहे. ती वही तुमच्या ग्रामपंचायतीत मागून पाहा. भरलेली असेल तर मुलांसमोर वाचा आणि रानात जाऊन पडताळा. कोरी असेल, तर पहिले पान तुमच्या शाळेने लिहावे.

हळदीचे बेणे आपण घरात जपून ठेवतो. रानाचे बेणे रानातच राहते. त्याचा हिशेब तेवढा आपल्या हाती आहे.