उभी गाडी तापते तेव्हा
(शेती कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज पिकाबद्दल नाही, पीक बाजारात नेणाऱ्या गाडीबद्दल बोलायचं आहे. मागच्या मे महिन्यात टोमॅटोचे क्रेट भरून मी ओतूरहून नारायणगावला निघालो. वाटेत गाडीच्या उष्णतेचा काटा मधोमध होता. बाजाराच्या रांगेत अर्धा तास गेला आणि काटा लाल रेघेला टेकला. बॉनेट उघडलं, तर रेडिएटरचा पंखा गप्प! गॅरेजमध्ये पंख्याची मोटर नवी बसवली. तीन दिवसांनी पुन्हा तेच. मोटर चांगलीच होती. दोष होता चेसिसला जोडलेल्या एका काळ्या तारेच्या गंजलेल्या बोल्टात. मोटरचे पैसे गेले ते गेले, पण हेड वाकलं असतं तर सगळा हंगाम गाडी दारात उभी राहिली असती.

तेव्हा पहिली खूण लक्षात ठेवा. चालताना थंड आणि उभी राहिली की गरम, असं असेल तर संशय पंख्यावर घ्यावा, कारण चालत्या गाडीला वारा आपोआप मिळतो. उलट चढावर किंवा वेगात तापत असेल, तर पाणी फिरवणारा पंप, थर्मोस्टॅट किंवा चोंदलेला रेडिएटर पाहावा. बऱ्याच गाड्यांत पंप पट्ट्यावर चालतो. पण काही नव्या गाड्यांत, आणि विजेवर चालणाऱ्या गाड्यांत, पंपसुद्धा विजेचा असतो. त्याची तपासणी पंख्यासारखीच करायची.

काम सुरू करण्याआधी दोन गोष्टी. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून 100 अंशांच्या पुढे गेलं तरी उकळत नाही. झाकण सैल केलं की क्षणात त्याची वाफ होऊन तोंडावर येते. दुसरं, काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही पंखा अचानक सुरू होतो. पात्याजवळ हात घालण्याआधी बॅटरीची वजा बाजू सोडावी. विजेवर चालणाऱ्या गाडीत नारिंगी रंगाच्या जाड तारा दिसतील. त्यांना आपण हात लावायचाच नाही.

आता विजेची वाट बघू. बॅटरीतून फ्यूज, फ्यूजमधून रिले, रिलेतून मोटर आणि मोटरमधून काळ्या तारेने परत चेसिसवर. पाटाचं पाणी जसं मधेच फुटतं, तसं ही वाट कुठे तुटली ते शोधायचं.

फ्यूज गेलेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घालून पाहा. तार गुंडाळायची नाही, मोठा फ्यूज घालायचा नाही. फ्यूजऐवजी मग वायरिंग जळतं. घातल्याबरोबर उडाला तर बहुधा तार कुठेतरी चेसिसला लागली आहे. थोडा वेळ चालून उडाला तर मोटर जाम होत असावी. तार लागली आहे का हे पाहायला मोटरचा प्लग काढा, फ्यूजच्या जागी साइड इंडिकेटरचा 21 वॉटचा बल्ब दोन तारांनी जोडा आणि किल्ली देऊन पंखा लागायची स्थिती आणा. बल्ब भरपूर पेटला की दोष वायरिंगमध्ये. मग एकेक तार हलवत जा. जिथे बल्ब विझेल, तिथे पाहा. कडब्याच्या गंजीशेजारी गाडी लावणाऱ्यांनी उंदराचे दात आधी शोधावेत!

रिलेवर 30, 87, 85, 86 असे आकडे असतात. 30 वर बॅटरीची वीज येते, 87 मधून मोटरकडे जाते आणि 85-86 ही कॉइल असते. शेजारचा त्याच नंबरचा रिले, समजा हॉर्नचा, अदलाबदल करून पाहावा. रिले टिक वाजला म्हणजे चांगला, असं मात्र धरू नका. आतले संपर्क जळलेले असले तरी टिक वाजतोच. एसी असलेल्या बऱ्याच गाड्यांत एसी लावला की पंखा फिरतो. एसीवर फिरत असेल आणि गरम झाल्यावर फिरत नसेल, तर मोटर बहुधा बरी आहे. मग उष्णता ओळखणारा सेन्सर व त्याचा प्लग पाहावा.

सर्वांत जास्त फसवणूक होते ती मीटरने. प्लग काढून मीटर लावला की 12 व्होल्ट दिसतात, आणि वीज येते म्हणून आपण मोटरला दोष देतो. तार एका धाग्यावर लटकत असली तरी मीटर 12 व्होल्टच दाखवतो, कारण मीटर वीज जवळजवळ ओढतच नाही. म्हणून प्लग जोडलेला ठेवून, मोटर चालू असताना मोजावं. मीटरची एक तार मोटरच्या काळ्या तारेला, दुसरी बॅटरीच्या वजा टोकाला. तिथे 0.2 ते 0.3 व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर परतीचा मार्ग खराब. तसंच बॅटरीच्या अधिक टोकापासून मोटरच्या अधिक तारेपर्यंतही मोजा.

हिशेब सोपा आहे. पंखा 10 अँपिअर घेतो आणि जोडात फक्त 0.2 ओहम रोध आहे, असं धरा. तिथेच 2 व्होल्ट खर्ची पडतात आणि 20 वॉट उष्णता होते. प्लगचं प्लॅस्टिक पिवळं पडून वितळलेलं दिसतं, ते यामुळेच.

अशा जोडाचा बोल्ट काढून चेसिस व टोक पॉलिश पेपरने चकचकीत घासावं, घट्ट आवळावं आणि वरून ग्रीस लावावं. खताची पोती वाहणाऱ्या गाड्यांत तांब्यावर हिरवा चट्टा फार लवकर चढतो. तार आतपर्यंत हिरवी झाली असेल तर तेवढा तुकडा बदलावा.

नव्या पंपाच्या प्लगमध्ये तीन-चार तारा असतात. त्यातल्या बारीक तारांवरून गाडीचा कॉम्प्युटर पंपाला हुकूम देतो. तिथे बल्ब लावू नका, बॅटरीची थेट वीजही देऊ नका. तिथे फक्त डिजिटल मीटर. पंप फिरतो पण पाणी फिरत नाही, असं झालं तर आत हवा अडकली आहे का तेही पाहावं.

दुरुस्ती झाली की गाडी दारातच उभी करून इंजिन चालू ठेवा आणि पंखा आपोआप लागून पुन्हा बंद होईपर्यंत काट्याजवळून हलू नका. क्रेट त्यानंतर चढवावेत.